सैतान नसलेलं पुस्तक

रेसिफे,
८ एप्रिल १९६१

ती. ओतासिलियोमामांस,
लिंडाउराचा नमस्कार. आशीर्वाद आधी द्या, मग पुढे वाचा. वि. वि.

माझी कादंबरी छापून आली. नाव ‘दुपारची खिडकी’. कव्हरवर माझं पूर्ण नाव आहे. त्यात आईचंही आडनाव आहे, हे तिला मुद्दाम सांगा. तिने बाजारात तापिओकाच्या पोळ्या भाजून मला पदवीपर्यंत पोचवलं आणि हे पुस्तक काही तिला वाचता येणार नाही. म्हणून पहिली प्रत तिची, आणि ती तुम्ही तिला वाचून दाखवायची. मधली पानं न गाळता.

प्रकाशनाचा समारंभ झाला. आमचे प्रकाशक सेन्योर फाल्कांव यांनी कॉड माशाचे वडे ठेवले होते. पाहुणे आले, वडे संपले, पाहुणे गेले. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात कागदाची फार स्तुती आहे. उरलेल्या प्रती माझ्या खोलीत रचल्या आहेत आणि घरमालकीण त्यांवर इस्त्री टेकवते.

फाल्कांव म्हणतात, पुस्तक लिहिणं हे अर्धंच काम. ते घेऊन गावोगाव फिरायला हवं. मला शाळेतून सुट्टी मिळत नाही. म्हणून एक खोकं बसने तुमच्याकडे पाठवते. बाजारातल्या तुमच्या छत्रीखाली, दोरीवर टांगलेल्या गाण्यांच्या चोपड्यांजवळ ठेवा. पण मामा, एक विनंती. तुम्ही तुमच्या चोपड्या विकताना गोष्ट गाऊन दाखवता, ऐन मोक्याला थांबता, टोपी काढून घाम पुसता आणि म्हणता, पुढचं चोपडीत! माझ्या पुस्तकाचं तसं करू नका. साहित्य म्हणजे मासे धरायचा गळ नव्हे. माझ्या आमालियाचा नवरा कामाला साओ पावलोला गेला आहे आणि ती खिडकीशी त्याची वाट पाहते. एवढीच गोष्ट आहे, पण तिच्यात एकही खोटा शब्द नाही.

लोभ तुमचा आहेच. त्यात थोडा संयम मिसळावा.
तुमची भाची,
लिंडाउरा

---

पोसो दा ओन्सा,
२४ एप्रिल १९६१

चि. लिंडाउरा हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या आईने आणखी एक दिलाय, तो वेगळा बांधून ठेव. वि. वि.

खोकं पोचलं. जोवेलिनाने तुझं पुस्तक छातीशी धरून अख्ख्या बाजाराला चक्कर मारली. तव्यावरच्या पोळ्या जळाल्या. कुणीतरी विचारलं, काय आहे गं त्यात? तर म्हणाली, लिहिणारीला मी जन्म दिलाय, आता मला काय विचारतोस त्यात काय आहे!

मी वाचलं. पोरी, भाषा तुझी विहिरीच्या पाण्यासारखी आहे, तळ दिसतो. पण मला एक सांग, थांबायचं कुठे? पहिल्या प्रकरणात आमालिया खिडकीशी येते. दुसऱ्यात ती खिडकीशीच आहे. तिसऱ्यात पडदा हलतो. म्हटलं, चला, आता काहीतरी होणार. बघतो तर वारा! जिथे काही अडतच नाही, तिथे माणूस थांबला तरी लोकांना कळत नाही की हा थांबलाय. पहिल्या शनिवारी तेच झालं. मी थांबलो, टोपी काढली, घाम पुसला. लोकांना वाटलं मला घेरी आली. एकीने पाणी आणून दिलं. पुस्तक कुणी घेतलं नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी मी तुझ्या पुस्तकाला जरासा हात लावला. फार नाही. आमालिया खिडकीशी आहे, तेवढ्यात दारावर टकटक. ती दार उघडते. दारात पांढऱ्या सुटातला देखणा पुरुष. एका पायात चकचकीत बूट. आणि दुसऱ्या पायात, मायबापांनो, बूट नाही, कारण त्या पायाला आहे खूर!

तिथे थांबलो. खोकं रिकामं झालं. खोगीरवाला काझुझा, ज्याने मिठाच्या पुड्याखेरीज आयुष्यात काही वाचलेलं नाही, त्यानेही एक प्रत नेली. तेव्हा दुसरं खोकं पाठव, आणि रागावू नकोस. लेखकाने घर बांधावं, दार वाजवायला माणूस लागतोच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा,
ओतासिलियो

---

रेसिफे,
३ मे १९६१

ती. मामांस,
नमस्कार. आशीर्वाद या वेळी मागत नाही, कारण मी रागावले आहे. वि. वि.

माझ्या पुस्तकात सैतान नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाही. ज्यांनी प्रती नेल्या त्यांना आता काय वाटेल? एका बाईचं वाट बघणं तुम्हाला पुरेसं वाटलं नाही, याचं मला जास्त दुःख आहे. दुसरं खोकं पाठवणार नाही. आईला पोळ्यांकडे लक्ष द्यायला सांगा.

राग जाईल, लोभ जाणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याचाच तुम्ही फायदा घेता.
लिंडाउरा

---

पोसो दा ओन्सा,
१५ मे १९६१

चि. लिंडाउरा हिस, रागावलेली असो नसो, अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे थोडी गंमत झाली आहे.

लोकांनी पुस्तकं घरी नेली, ज्याला वाचता येतं त्याला मध्ये बसवून शेवटपर्यंत ऐकली. सैतान कुठेच नाही. मला वाटलं, आता पैसे परत मागायला येणार. मी तयारीत होतो. काझुझा आला. मी खिशात हात घातला. तर म्हणाला, पैसे राहू देत, सैतान कुठे आहे ते सांग.

त्यांचा हिशेब असा. ओतासिलियोने आजवर जे जे चोपडीत आहे म्हणून सांगितलं, ते चोपडीत निघालं. तो म्हणाला सैतान पुस्तकात आहे, म्हणजे होता. आता नाही, म्हणजे निघाला. आणि निघाला तर गेला कुठे?

मी शपथेवर सांगितलं, बाबांनो, ते मी पदरचं घातलं होतं. काझुझा गर्दीकडे वळून म्हणाला, बघा किती लबाड आहे तो! ओतासिलियोच्याच तोंडून स्वतःला नाही म्हणवून घेतोय!

तेव्हापासून गावात जे बिघडेल ते त्याच्या नावावर. काझुझाचं खेचर पुलावरून माघारी फिरलं. सापवाल्या वैदूचा साप मेला. तसा तो म्हाताराच होता. आणि गेल्या शनिवारी बसमधून एक बूट विकणारा उतरला. बिचाऱ्याने पांढरा सूट घातला होता आणि नवा बूट चावत होता म्हणून तो लंगडत होता. पुढचं सांगत नाही. पाद्रे आनाक्लेतोंनी त्याला ओढून चर्चच्या आतल्या खोलीत घेतलं म्हणून वाचला. बाहेर येऊन सर्वांना दोन्ही पाय दाखव म्हटलं, तर तो बाहेर यायला तयार नाही.

मी मजेत आहे. माझी जागा तेवढी बदलली, डुकरांच्या कुंपणाकडे. हवा मोकळी आहे. लोकांचं म्हणणं एकच, की पुस्तक जिने लिहिलं तिने सैतानाला परत आत घालावं. लेखकाशिवाय ते कुणाला जमत नाही, असं पाद्र्यांचंही मत पडलं. एखादंच पान लिही ना. तो येतो, बसतो, आत जातो, झालं. यमक जुळवून दिलंस तर उत्तम.

जिव्हाळा असावा, पान त्याहून लवकर यावं.
ओतासिलियोमामा

---

रेसिफे,
२३ मे १९६१

ती. मामांस,
नमस्कार. आशीर्वाद असावा. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. हसू आलं, हे लपवत नाही; मग लाज वाटली. मामा, आपल्या घरात पदवीपर्यंत मी पहिली पोचले. मला वाटायचं, शिकून मी गावाला काहीतरी देईन. ते सैतान असेल असं वाटलं नव्हतं! मी तो लिहिला तर उद्या प्रत्येक खेचरामागे लोक मलाच बोलावतील. हवं तर सुट्टीत येऊन अंधश्रद्धेवर व्याख्यान देते. तक्ते घेऊन येईन.

इकडे फाल्कांवना कुठून तरी बातमी लागली. ते टेबलाभोवती नाचायचे बाकी राहिले. दुसऱ्या आवृत्तीला लाल कव्हर, वर खूर! मी स्पष्ट नाही म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या मामांना विक्री-विभागात घेऊ या. त्यालाही नाही म्हटलं.

पान लिहिणार नाही. माझ्यावरचा लोभ माझ्या हट्टासकट सांभाळावा.
लिंडाउरा

---

पोसो दा ओन्सा,
२ जून १९६१

चि. लिंडाउरा हिस आईचा आशीर्वाद. वि. वि.

मी सांगते आहे आणि पाद्रे आनाक्लेतो लिहीत आहेत. ओतासिलियोला लिहायला लावलं तर तो यमकं घालेल आणि खरं तेवढं गाळेल.

तुझ्या मामाने तुला डुकरांच्या कुंपणाची थाप मारली. तिथून त्याला केव्हाच उठवलं. बाजारवाल्यांनी ठरवलंय, सैतान आत जाईपर्यंत ओतासिलियोला जागा नाही. आता तो शनिवारी सकाळी अंघोळ करतो, टोपी घालतो आणि माझ्या स्वयंपाकघरात छत्री उघडून तिच्याखाली बसतो. वर कौलं आहेत, ऊन नाही, पाऊस नाही. मी चुलीशी, तो समोर. मी म्हटलं, काहीतरी गा. तर म्हणाला, कुणासाठी?

आणि तो आता मीठसुद्धा नुसतं मागतो. तुला आठवतं ना, यमक जुळवल्याशिवाय या माणसाने कधी मीठ मागितलं नाही! आता म्हणतो, मीठ. एवढंच. मला त्याची भीती वाटते.

(पाद्र्याची टीप : बाजारातल्या सैतानापेक्षा पुस्तकातला सैतान बरा, यात धर्माला अडचण दिसत नाही. बूटवाला अजून माझ्याकडेच आहे आणि तो फार जेवतो.)

पाद्रे, तुमचं मध्ये घालू नका. लिंडा, तू शिकलीस, तेव्हा काय लिहावं ते मी तुला सांगणार नाही. व्याख्यानाचं तुझं तू बघ. पण ज्याने तुला खांद्यावर बसवून दुकानांच्या पाट्या वाचायला शिकवलं, तो माझा भाऊ घरात छत्री उघडून बसलाय. ती मिटव.

पोटभर जेवत जा. कुसकुससाठी मक्याचं पीठ पाठवते.
आई

(पीठ माझ्या हस्ते पाठवलं. पा. आ.)

---

रेसिफे,
१४ जून १९६१

ती. मामांस,
नमस्कार. आशीर्वाद असावा, आणि आईचं पत्र मला आलं हे तुम्हाला कळू नये. वि. वि.

पान लिहिलं. फाल्कांवनी तेवढं वेगळं छापून दिलं. गठ्ठा सोबत आहे. प्रत्येक प्रतीच्या शेवटी एकेक चिकटवा.

सोपं गेलं नाही. पहिल्या खर्ड्यात सैतान जमीनदारांच्या जुलमावर बोलायला लागला आणि थांबेना. तो नव्हे, मीच बोलत होते, काढून टाकलं. दुसऱ्यात त्याने आमालियाला सोन्याच्या बांगड्या दाखवल्या, तर तिने त्या हातात घेऊन उजेडात धरल्या. आमालिया असं करणार नाही, तेही काढलं. मग मी स्वतः काही सुचवायचं सोडलं आणि तिला म्हटलं, बाई, आता दारात हा उभा आहे, तू काय करशील? तिने त्याला कॉफी दिली आणि नवऱ्याविषयी सांगायला बसली. तो कधी गेला, काय म्हणून गेला, पत्रात काय लिहितो, काय लिहायचं टाळतो. सगळं. सैतानाने आधी कप ठेवला, मग जांभई दिली, मग तिलाच विनंती केली की बाई, मला कुठेतरी आडवं होऊ दे. टेबलावर पुस्तक उघडं होतं. तो त्यात शिरून झोपला आणि तिने पुस्तक मिटलं. अशा घरात सैतानही टिकणार नाही, मामा. म्हणून म्हणते, हे पानही खरं आहे.

अटी दोन. शब्द बदलायचा नाही. यमक तर नाहीच. आणि एकदा सुरू केलंत की मध्ये कुठेही थांबायचं नाही. शेवटपर्यंत वाचायचं.

लोभ करता तसाच विश्वासही करावा.
लिंडाउरा

---

पोसो दा ओन्सा,
१० जुलै १९६१

चि. लिंडाउरा हिस, मीठ-पिठासकट, सुखदुःखाच्या गाठीसकट अनेक आशीर्वाद! वि. वि.

जुळतंय बघ पुन्हा.

सगळं रीतसर सांगतो. त्या शनिवारी मला उंबूच्या झाडाखाली, माझ्या जुन्या जागी उभं केलं. पाद्रे पाणी शिंपडून बाजूला. काझुझा पुढ्यात, हातात पट्टा. मी वाचायला लागलो. सैतानाने कप ठेवला, आणि सवयीने मी थांबायला गेलो. हात टोपीकडे गेला. इतकी सुरेख जागा, पोरी! तू तिथे नुसता कप ठेवलास आणि माणसं श्वास घ्यायची विसरली. काझुझा ओरडला, थांबलास तर बघ, ओतासिलियो! मग आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट बाजारात शेवटपर्यंत वाचली. पुस्तक मिटलं. काझुझाने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली. मला जागा परत मिळाली. बूटवाला बाहेर आला, दोन्ही पाय दाखवले, आणि गर्दीत चांगलाच धंदा करून गेला. लोकांनी रांग लावून आपापल्या प्रतीत पान चिकटवून घेतलं. तापिओकाच्या पिठाची खळ तुझ्या आईनेच शिजवली.

इथे संपायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी बघतो तर काझुझा चवड्यांवर चालत येतोय. हातात पुस्तक, पुस्तकाभोवती फडकं. म्हणाला, हळू बोल. हे तू ठेव. मी म्हटलं, का रे? म्हणाला, सैतान आत झोपलाय ना? माझ्या घरात पोरं आहेत, कुत्रा आहे, सासू आहे. उठला तर? त्याच्या मागे सगळं गाव. प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेलं पुस्तक आणि सगळे चवड्यांवर. असा मुका बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. दुपारपर्यंत एक सोडून तुझ्या सगळ्या प्रती माझ्या चटईवर. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

मी आणि जोवेलिनाने चुलीवर पाणी ठेवलं आणि वाफेवर धरून सगळी पानं पुन्हा सोडवली. पाद्र्यांनी प्रत्येक प्रत तपासून पहिल्या पानावर चर्चचा शिक्का मारला : आत सैतान नाही. आणि सांगू? लोक तुटून पडले! असं शिक्क्याचं पुस्तक घरात असलेलं बरं, म्हणतात. त्या सोडवलेल्या पानांचं विचारशील, तर ती मी नदीपलीकडच्या बाजारात विकली. त्यांचं आपलं तसंही पटत नाही.

आता एक तक्रार. धुणी धुणारी दोना बेलार्मिना ही एकटीच अशी, की तिने पुस्तक ना पान चिकटवायला आणलं, ना परत करायला. तिचा नवराही साओ पावलोला गेलाय, तुला माहीत असेल. रोज संध्याकाळी ती सुनेला ते वाचायला लावते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, का गं, सैतान नको झाला का तुला? म्हणाली, घरी एवढं काम पडलंय, त्याला कॉफी कोण देणार! पण ती तुझ्यावर चिडली आहे. शहाण्या मुलीला निरोप दे म्हणाली : पुस्तक संपत येतं तरी ती बाई खिडकीशी उभी. पाय दुखत नाहीत होय तिचे? वाट काय उभ्यानेच बघतात?

मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, ते साहित्य आहे. ती म्हणाली, असेल, पण गुडघेही आहेत.

माया वाढवावी, कमी असेल तर मागून घ्यावी.
तुझा मामा,
ओतासिलियो

---

रेसिफे,
१९ जुलै १९६१

ती. ओतासिलियोमामांस आणि ती. आईस,
नमस्कार. तुमचे आशीर्वाद एकदम पोचले, सांडले नाहीत. वि. वि.

दुसरी आवृत्ती निघते आहे. फाल्कांवना शिक्क्याची गोष्ट कळल्यावर त्यांनी लाल कव्हर सोडलं. आता त्यांना कव्हरवर ‘सैतान नसलेलं पुस्तक’ असं छापायचं आहे. मी भांडायला गेले होते. वाटेत विचार केला, की वाक्य तर खरं आहे. खऱ्या वाक्याला मी नाही कसं म्हणू? छापा म्हटलं. नदीपलीकडच्या लोकांचं मात्र वाईट वाटतं. त्यांनी परत आणली तर पानं घ्या, मामा.

आईचं म्हणणं मानलं, मी आता पोटभर जेवते. व्याख्यानाचे तक्ते शाळेला दिले.

आणि दोना बेलार्मिना. त्या पत्रानंतर मी पुस्तक पुन्हा वाचलं. चार वर्षं मी आमालियाबरोबर राहिले. तिच्या मनात काय चालतं ते मला तासातासाचं ठाऊक, आणि मी तिला एकदाही बसवलं नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला दिसलं नाही, फाल्कांवना दिसलं नाही, मला दिसलं नाही. कुणीतरी माझं पुस्तक इतक्या जवळून वाचलं, की तिला आमालियाचे गुडघे दिसले. बाजारात प्रती खपल्या त्याचा मला आनंद आहेच. पण हे वाचलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात रडले आणि मुलांना सांगितलं की धूळ गेली.

छापखान्यात निरोप दिला आहे. दुसऱ्या आवृत्तीत बदल एकच : दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आमालिया खुर्ची ओढते आणि बसते. यमक सुचवू नका. फक्त दोना बेलार्मिनांना विचारून उलट टपाली कळवा, खुर्ची हातांची हवी की बिनहातांची. त्यांचं उत्तर येईपर्यंत छपाई थांबवली आहे. फाल्कांव ओरडत आहेत, ओरडू देत.

वाट पाहते, बसून.
तुमची,
लिंडाउरा